उबेचा मक्ता : व्हिएन्नाच्या हिवाळी करमणुकीचा इतिहास

आपल्याकडे चारचौघांनी एकत्र जमावयाचे म्हटले की त्यासाठी छपराची आवश्यकता सहसा भासत नाही. पावसाचे चार महिने वगळले तर गावाचा पार, नदीचा घाट, देवळापुढचे पटांगण आणि शहरातला कट्टा यांवर आकाशाखालीच आपला समाज बोलला, भांडला आणि रमला. बसण्याच्या जागेचे भाडे कोणी कधी मागितले नाही आणि कोणी कधी दिलेही नाही. परंतु ज्या नगरात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दिवस अपुरा, वारा बोचरा आणि जानेवारीची हवा गोठणबिंदूच्या आसपास असते, तेथे मनुष्याचा समागम हा प्रथम भिंतींचा, मग जळणाचा आणि अखेरीस पैशाचा प्रश्न होऊन बसतो. मध्य युरोपातील व्हिएन्ना हे अशा नगरांपैकी एक होय. संगीत, नृत्य आणि कॉफी या तीन गोष्टींसाठी त्याची कीर्ती दिगंत झाली, आणि तेथील लोकांच्या स्वभावातच काही विलास असला पाहिजे असे प्रवाशांनी पुन्हा पुन्हा लिहून ठेवले. त्या विलासाच्या मुळाशी जाऊन पाहिले तर तेथे स्वभावापेक्षा सरपणाचा हिशेबच अधिक स्पष्ट दिसतो. ज्याच्या ताब्यात उबदार आणि उजळलेली खोली होती त्याच्याकडे लोक आले, आणि लोक आले म्हणून तेथे खेळ, वाद्ये, वर्तमानपत्रे व वादविवाद आले. व्हिएन्नाच्या हिवाळी करमणुकीचा इतिहास हा या उबेच्या मक्त्याचा इतिहास आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे नगर दोन लाखांवर वस्तीचे झाले होते, आणि त्याचा प्राचीन गाभा तटबंदीच्या आत कोंबून भरलेला होता. तट पाडण्याचा सम्राट फ्रान्झ योझेफ याचा हुकूम १८५७ च्या डिसेंबरात निघाला. तोपर्यंत आतल्या गल्ल्या अरुंद, घरे उंच आणि भाडी जबर अशीच स्थिती होती. रंगीत कौलांनी मढविलेल्या भट्टीत लाकूड जाळून खोली तापवावयाची, आणि ते लाकूड डॅन्यूबच्या पात्रातून वा १८०३ साली खुल्या झालेल्या नॉयश्टाटच्या कालव्यातून आणावयाचे. सारांश, ऊब ही विकत घेण्याची वस्तू होती आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबाला एकाहून अधिक खोल्या तापविणे परवडत नसे. मोत्सार्टविषयी एक आख्यायिका त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १८५६ साली, व्हिएन्नाच्या एका वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली. त्याच्या परिचयाचा एक पथिकाश्रमवाला हिवाळ्यात सकाळी त्याच्या घरी गेला, तेव्हा पतिपत्नी खोलीभर नाचत होती. बाईंना नृत्य शिकविणे चालले आहे काय, असे विचारता मोत्सार्टने हसून सांगितले की घरात सरपण नाही, म्हणून अंग तापवीत आहोत. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्या नगराला तिच्यात अशक्य असे काही वाटले नाही, एवढे मात्र निश्चित.

घरात जी ऊब परवडत नव्हती ती एका पेल्याच्या किमतीत विकणारी संस्था म्हणजे व्हिएन्नाचे कॉफीगृह. तिच्या जन्माची प्रसिद्ध कथा अशी की, १६८३ साली तुर्कांचा वेढा उठल्यावर पळालेल्या सैन्याच्या छावणीत काळसर दाण्यांची पोती सापडली, उंटांचा चारा समजून ती फेकून देण्याच्या बेतात असता कोल्शिट्स्की नावाच्या हेराने ती मागून घेतली आणि पहिले कॉफीगृह काढले. कथा इतकी गोड आहे की नगरात १८८५ साली या गृहस्थाचा पुतळाही उभा राहिला. मात्र ती प्रसृत झाली गोटफ्रीट उहलिख या धर्मगुरूच्या ग्रंथामुळे, आणि तो ग्रंथ वेढ्यानंतर शंभर वर्षांनी लिहिलेला आहे. दप्तर वेगळेच सांगते. कॉफी विकण्याची सनद सम्राट लिओपोल्ड पहिला याने १७ जानेवारी १६८५ रोजी योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला दिली, आणि तीही वीस वर्षांच्या मक्त्यासह. इस्तंबूलशी व्यापार आणि दरबाराची गुप्त कामगिरी अशी दोन्ही कामे हा मनुष्य करीत असे. सनद हे त्या सेवेचे इनाम होते. वीराने लुटलेल्या पोत्यांपेक्षा दरबाराने दिलेला कागद हीच या संस्थेची खरी जन्मपत्रिका आहे, आणि पुढील दोनशे वर्षे परवान्याचा हा धागा तिच्या गळ्यात राहिला. कॉफी करणाऱ्यांनी मद्यार्क विकू नये आणि मद्यार्क गाळणाऱ्यांनी कॉफी करू नये, यावरून दोन धंद्यांत जो दीर्घ कज्जा चालला, त्याचा निकाल मारिया थेरेसाच्या अमदानीत १७४७ साली दोन्ही धंदे एकत्र करून लावण्यात आला. गिऱ्हाइकाचा लाभ असा की एकाच खोलीत आणि एकाच शेगडीजवळ दोन्ही पेये मिळू लागली.

पेय हे निमित्त, बैठक हा खरा माल. हे ओळखण्यास कॉफीवाल्यांना फार काळ लागला नाही. १७२० च्या सुमारास क्रामर नावाच्या कॉफीवाल्याने आपल्या गृहात गिऱ्हाइकांसाठी वर्तमानपत्रे मांडून ठेवण्याचा प्रघात पाडला. त्याच काळात बिलियर्डची मेजे आली, बुद्धिबळाचे पट आले आणि पत्त्यांचे डाव मांडले जाऊ लागले. यात हिशेब अत्यंत साधा होता. जो मनुष्य पेला संपवून उठतो त्याच्याकडून एकाच पेल्याचे दाम मिळते. जो डावात गुंततो तो दुसरा पेला मागवितो. बिलियर्डच्या मेजाला मोठी जागा लागते, मेजावर भरपूर उजेड लागतो, आणि खेळणाऱ्यांच्या भोवती पाहणारे जमतात. यांपैकी एकही गोष्ट भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मनुष्याला घरी साधण्यासारखी नव्हती, म्हणूनच ती विकत घेण्यासारखी होती. दैवावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या जुगारावर सरकारने अठराव्या शतकात पुन्हा पुन्हा बंदी घातली, आणि ती पुन्हा पुन्हा घालावी लागली यावरूनच तिचा अंमल किती झाला असेल याची कल्पना येते. बुद्धीचे आणि हस्तकौशल्याचे खेळ मात्र निर्दोष ठरले. मूळचा भारतीय असलेला बुद्धिबळाचा खेळ इराण, अरबस्तान आणि स्पेन-इटलीच्या मार्गाने फिरत येऊन या धुरकट खोल्यांत स्थिरावला तो असा.

मोत्सार्ट बिलियर्डचा नादी होता. त्याचा मित्र, आयरिश गायक मायकेल केली, आपल्या आठवणींत लिहितो की मोत्सार्टच्या घरी उत्तम मेज होते आणि तेथे आपण अनेक डाव खेळलो, पण जिंकलो एकही नाही. १७९१ च्या डिसेंबरात मोत्सार्ट वारला तेव्हा सरकारी रीतीने त्याच्या चीजवस्तूंची जी यादी झाली, तीत हिरव्या कापडाचे बिलियर्डचे मेज, पाच चेंडू आणि बारा काठ्या यांची नोंद आहे. सरपणाअभावी ज्याच्या घरात नाचावे लागले म्हणून सांगतात, त्याच्या घरात हे मेज होते, ही विसंगती केवळ त्या एका संसाराची नव्हे. व्हिएन्नाने चैनीत काटकसर कधी केली नाही. तिने काटकसर केली ती जळणात.

हिवाळ्याचे दुसरे साधन नृत्य. जानेवारीच्या सहा तारखेच्या सणापासून ईस्टरपूर्वीचे उपवास सुरू होईपर्यंतच्या काळाला तेथे फाशिंग म्हणतात. धर्माने पुढे चाळीस दिवसांचा संयम सांगितला, म्हणून लोकांनी त्याआधीचे आठवडे नाचून घेतले. नेमके हेच आठवडे वर्षातील सर्वांत थंड. राजवाड्यातील रेडूट नावाच्या महालांत मुखवट्याची नृत्ये होत आणि प्रवेशमूल्य भरणाऱ्याला तेथे मज्जाव नसे. रस्त्यावर तोंड झाकून हिंडण्यास मनाई करणारे सरकार या चार भिंतींच्या आत मात्र सरदार आणि शिंपी यांनी एकमेकांना न ओळखता नाचावे याला मुभा देत असे, कारण बंदोबस्ताच्या दृष्टीने दाराशी पहारा असलेली एक खोली शंभर अंधाऱ्या गल्ल्यांपेक्षा सोयीची असते. या नृत्यांचे वेड किती होते याची साक्ष पुन्हा केलीच देतो : प्रसूतीचे दिवस भरत आले तरी ज्या स्त्रियांना घरी राहवत नसे त्यांच्यासाठी रेडूटमध्ये सर्व सोयींनी युक्त अशा खोल्या राखून ठेवीत, असे त्याने लिहिले आहे. १७८७ च्या डिसेंबरात मोत्सार्टला दरबारी संगीतकार म्हणून वार्षिक ८०० गुल्डनांचा तनखा मिळाला, तेव्हा त्याबद्दल त्याच्याकडून मुख्यतः अपेक्षिले गेले ते या महालांसाठी नाचाचे संगीत. हायडन आणि बीथोव्हेन यांनीही १७९२ आणि १७९५ साली तेथे होणाऱ्या नृत्यांसाठी रचना करून दिल्या. ज्यांच्या सिंफनी आपण ध्यानस्थ होऊन ऐकतो, ते तिघेही लोकांना थंडीत नाचविण्याच्या धंद्यात होते.

राजवाड्याच्या बाहेर हाच धंदा खाजगी भांडवलाने हाती घेतला आणि अतिशयोक्तीच्या टोकाला नेला. झिगमुंड वोल्फझोन याने १८०८ च्या जानेवारीत अपोलोझाल नावाचे जे नृत्यगृह उघडले, त्यात अनेक विशाल दालने, कृत्रिम गुहा, धबधबा आणि ऐन हिवाळ्यात हिरवीगार झाडे होती. बाहेर बर्फ असता आत वसंत विकत मिळत होता. परंतु हजारो मेणबत्त्या आणि डझनावारी शेगड्या रोज पेटत्या ठेवण्याचा खर्च हा प्रवेशमूल्यांतून फार काळ निघणारा नसतो. नेपोलियनच्या युद्धांनी राज्याचा खजिना रिता केला, १८११ साली सरकारनेच चलनाचे मोल पाडून दिवाळे जाहीर केले, आणि वोल्फझोनही त्यात बुडाला. पुढे १८३९ च्या सुमारास या इमारतीत मेणबत्त्यांचा कारखाना निघाला. जी वस्तू जाळून मालक भिकेस लागला तीच वस्तू तयार करून नव्या मालकांनी पैसा मिळविला.

नेपोलियनच्या पाडावानंतर १८१४-१५ च्या हिवाळ्यात युरोपातील राजे आणि मुत्सद्दी नकाशा नव्याने आखण्यासाठी व्हिएन्नात जमले, तेव्हा या सर्व व्यवस्थेची जणू परीक्षाच झाली. परिषद नाचते आहे पण पुढे सरकत नाही, अशी तक्रार त्या वेळीच रूढ झाली. परंतु ज्या नगरात पाच महिने मनुष्यांना एकत्र येण्याचे स्थान म्हणजे दिवाणखाना, तेथे राजकारण नाचाच्या अवकाशात झाले यात नवल कसले? सरकारचे हेरही त्याच दिवाणखान्यांत होते, आणि त्यांचे रोजचे अहवाल दप्तरी दाखल होत होते.

परिषद संपली, पण हेर राहिले. ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख याच्या राजवटीत, विशेषतः १८१९ च्या कार्ल्सबादच्या ठरावांनंतर, मुद्रणावर आणि सभांवर करडी नजर बसली. पोलीसखात्याचा प्रमुख काउंट सेडल्निट्स्की हा १८१७ पासून १८४८ पर्यंत त्या जागी टिकून होता. सार्वजनिक खोलीत बोलणे धोक्याचे झाले, तेव्हा सुशिक्षित मध्यमवर्गाने घरची एक खोली तापविण्याचा खर्च पत्करला आणि करमणूक उंबऱ्याच्या आत घेतली. पियानो, चौकडीचे वादन, शब्दांचे खेळ, मूकाभिनय आणि शेवटी थोडे नृत्य, असा या संध्याकाळींचा क्रम असे. फ्रान्झ शूबर्टच्या मित्रमंडळींच्या ज्या बैठकी त्याच्याच नावाने ओळखल्या जातात, त्यांतील पहिली १८२१ च्या जानेवारीत शोबर या मित्राच्या घरी झाली. ही मंडळी निष्पाप असली तरी निश्चिंत नव्हती. आदल्याच वर्षी मार्चमध्ये योहान सेन या कवीच्या खोलीवर पोलिसांनी धाड घातली, तेव्हा शूबर्टही तेथे होता. शूबर्ट ताकीद मिळून सुटला, पण सेनने वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला आणि नंतर त्याची व्हिएन्नातून हद्दपारी झाली. पियानोभोवती जमलेल्या स्नेह्यांचे मॉरिट्स फॉन श्विंडने १८६८ साली स्मरणाने काढलेले चित्र पाहून आपण त्या काळाच्या कौटुंबिक शांतीचा हेवा करतो. परंतु त्या शांतीला दारावरच्या थापेचे भय होते, आणि गाणे हे बोलण्याचा पर्याय म्हणूनही गायिले जात होते.

ज्यांच्या घरी पियानो नव्हता त्यांच्यासाठी लान्नर आणि थोरला योहान स्ट्राउस हे नृत्यसंगीतकार होते. लिओपोल्डश्टाट पेठेतील श्पेर्ल या नृत्यगृहात १८२९ साली स्ट्राउसची नेमणूक झाली, आणि वॉल्ट्झ हा नगराचा व्यवसाय बनला. आता प्रश्न असा उभा राहिला की, हजारो माणसे नाचतील एवढी दालने आणावयाची कोठून? व्हिएन्नाने याचे जे उत्तर शोधले ते तिच्या व्यवहारचातुर्याचा उत्कृष्ट नमुना होय. डॅन्यूबच्या फाट्याकाठच्या डियानाबाड या स्नानगृहात १८४१-४३ च्या दरम्यान लोखंडी कमानींचे छत असलेला पोहण्याचा मोठा तलाव बांधण्यात आला होता. हिवाळ्यात पोहणारे कमी, नाचणारे अधिक. तेव्हा तलाव रिकामा करून त्यावर लाकडी तक्ते घालावयाचे आणि त्या फळ्यांवर वाद्यवृंद बसवावयाचा, अशी युक्ती योजण्यात आली. धाकट्या स्ट्राउसचा निळ्या डॅन्यूबचा वॉल्ट्झ प्रथम गायिला गेला तो येथेच, १५ फेब्रुवारी १८६७ रोजी, म्हणजे पाण्याचे ते जगप्रसिद्ध गाणे पाणी काढून टाकलेल्या तलावावर जन्मले. आदल्याच उन्हाळ्यात प्रशियाने ऑस्ट्रियाचा दारुण पराभव केला होता, नगर उदास होते, आणि पुरुषांच्या गायनमंडळासाठी त्या सुरांना विनोदी शब्द घालून देणारा योझेफ वाइल हा पोलीसखात्यातला नोकर होता.

याच जातीचे दुसरे स्थान म्हणजे सोफियनबाड. १८३८ साली फ्रान्झ मोराव्हेट्स याने रशियन पद्धतीचे बाष्पस्नानगृह म्हणून ते काढले. पुढील दशकात त्यात तलावाचे दालन वाढविले गेले आणि हिवाळ्यात त्यावरही फळ्या पडू लागल्या. फळ्यांखालची तलावाची पोकळी वाद्यांच्या नादाला असे काही गांभीर्य देई की, शंभर वर्षांनंतर डेक्का कंपनीने वाग्नरच्या नीबेलुंग नाटकचतुष्टयाचे गेओर्ग शोल्टीच्या नेतृत्वाखालील समग्र ध्वनिमुद्रण १९५८ पासून १९६५ पर्यंत याच दालनात केले. २००१ च्या ऑगस्टमधील आगीत ते भस्मसात झाले. त्याची पुनर्बांधणी झाली तेव्हा भोवताली राहण्याची घरे उभी राहिली होती.

तट पडल्यावर त्या जागी रिंगश्ट्रासेचा विशाल रस्ता झाला, साम्राज्याच्या सर्व प्रांतांतून लोंढे येऊ लागले, आणि १९१० च्या सुमारास लोकसंख्या वीस लाखांवर गेली. घरे मात्र या वेगाने वाढली नाहीत. विद्यार्थी, कारकून, उपसंपादक, होतकरू कवी यांच्या खोल्या अंधाऱ्या आणि गार होत्या, म्हणून त्यांचे दिवस कॉफीगृहात जाऊ लागले. १८४७ साली निघालेले ग्रीनश्टाइडल हे कॉफीगृह १८९७ च्या जानेवारीत इमारत पाडण्यासाठी बंद झाले, तेव्हा श्निट्झलर, होफमान्सथाल, हेर्मान बार यांच्यासारखा लेखकवर्ग अक्षरशः निराश्रित झाला आणि कार्ल क्राउसने त्यावर झणझणीत उपहास लिहिला. त्यांतील बहुतेकांनी जवळच्याच कॅफे सेंट्रलमध्ये बस्तान हलविले. पेटर आल्टेनबेर्ग या लेखकाने तर वाङ्मयीन पंचांगात आपला पत्ता म्हणून कॅफे सेंट्रलचेच नाव दिले होते. श्टेफान झ्वाइगने आत्मचरित्रात या संस्थेचे जे वर्णन केले आहे त्याचा आशय असा की, एका स्वस्त पेल्याच्या मोबदल्यात कोणालाही तासन् तास बसता येईल, लिहिता येईल, पत्ते खेळता येतील, टपाल घेता येईल आणि जगातील वर्तमानपत्रे वाचता येतील असा हा लोकसत्ताक क्लब होता. झ्वाइग सधन घरातला होता, म्हणून त्याने वर्तमानपत्रांची संख्या मोजली. गरिबाने शेगडीपासूनचे अंतर मोजले असते.

कॅफे सेंट्रलमधील बुद्धिबळाची खोली प्रसिद्ध होती. १९०७ ते १९१४ या काळात व्हिएन्नात आश्रयास असलेला रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की, मूळ आडनाव ब्रॉन्श्टाइन, तेथे पट मांडून बसे, आणि रशियात क्रांती होणार म्हणता, ती काय त्या कॉफीगृहातला ब्रॉन्श्टाइन करणार, असे एका मंत्र्याने हसून विचारल्याची आख्यायिका आहे. मंत्र्याचे अज्ञान क्षम्य मानले पाहिजे. उबेसाठी आलेल्या मनुष्याच्या मनात काय शिजते हे शेजारच्या मेजावरून कळत नाही. या खोल्यांनी बुद्धिबळालाही मोठी माणसे दिली. प्रागहून १८५८ साली शिक्षणासाठी आलेला विल्हेल्म स्टाइनिट्झ कॉफीगृहांत डाव खेळून उदरनिर्वाह करी. तोच पुढे १८८६ साली पहिला जगज्जेता ठरला. १९१० च्या जानेवारीत व्हिएन्नाचा कार्ल श्लेख्टर हा जगज्जेत्या लास्करपुढे बसला, दहा डावांपैकी पाच येथे आणि पाच बर्लिनमध्ये झाले, आणि अखेरच्या डावापर्यंत एका गुणाने पुढे असलेला श्लेख्टर तो डाव हरून बरोबरीवर थांबला. पत्त्यांच्या खेळांत टारॉकचा मान सर्वांत मोठा. डॉ. सिगमुंड फ्रॉइड दर शनिवारी रात्री ठराविक स्नेह्यांसह टारॉक खेळत असत. आणि १९०२ साली त्यांनी आपल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात दर बुधवारी रात्री जी बैठक सुरू केली, तिच्यात कॉफी, केक आणि चिरुटांच्या धुरात मानसशास्त्रातील एक नवा पंथ वाढला. रचनेच्या दृष्टीने दोन्ही बैठकींत फरक फारसा नव्हता : ठरलेली रात्र, ठरलेली माणसे आणि तापलेली खोली.

परंतु मक्ता म्हटला की त्याच्या बाहेर राहिलेलेही आले. एकोणिसाव्या शतकाचा मध्य उलटेपर्यंत कॉफीगृहातील स्त्री म्हणजे बहुधा गल्ल्यावर बसलेली हिशेबनीसच असे. गिऱ्हाईक म्हणून स्त्रियांना तेथे प्रतिष्ठा मिळावयास बराच काळ जावा लागला. त्याहूनही खाली असा एक वर्ग होता की ज्याला खोली नव्हे, तर केवळ बिछाना भाड्याने मिळे, आणि तोही झोपेच्या तासांपुरता. बिछान्याचा धनी कामावरून परतला की भाडेकऱ्याने बाहेर पडावयाचे. एका पेल्याचेही दाम ज्यांच्यापाशी नाही अशांसाठी धर्मादाय मंडळींनी उबदार खोल्या उघडल्या. तेथे बाक असत आणि बरोबर सूप-पावाची सोय होती, पण बिलियर्डचे मेज नव्हते आणि वर्तमानपत्रही नव्हते. व्हिएन्नाच्या संस्कृतीचे गोडवे गाताना या खोल्यांचा उल्लेख सहसा होत नाही. वस्तुतः कॅफे सेंट्रल आणि ही धर्मादाय खोली या एकाच गरजेच्या दोन शाखा होत्या, आणि त्यांच्यामधले अंतर एका पेल्याच्या किमतीएवढे होते.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हे सारे किती नाजूक पायावर उभे होते ते उघडे पडले. साम्राज्य मोडले, बोहेमिया-मोराव्हियाच्या खाणी परराज्यात गेल्या, कोळसा येईना, आणि नगरवासी लोक कुऱ्हाडी व हातगाड्या घेऊन भोवतालच्या व्हिएन्ना-वनात झाडे तोडावयास गेले. १९१८ च्या डिसेंबरात श्लेख्टर बुडापेस्टमध्ये उपासमारीने खंगून न्यूमोनियाने वारला. याच दुर्भिक्ष्यातून निवडून आलेल्या समाजवादी नगरपालिकेने १९१९ ते १९३४ या काळात साठ हजारांहून अधिक घरे बांधली, आणि त्या वसाहतींत धुलाईगृहे, वाचनालये व सभागृहे ठेवली. फावोरिटेन या कामगारपेठेत १९२६ साली उघडलेले आमालियनबाड हे छपराखालचे विशाल स्नानगृह तर जुन्या डियानाबाडला दिलेले उत्तरच म्हणावे लागेल : तेथे तलाव हिवाळ्यातही तलावच राहिला, आणि ऊब ही परवान्याची वा दानाची वस्तू न राहता कराच्या पैशातून पुरविण्याची सार्वजनिक सोय झाली.

१९३८ साली जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा या खोल्यांतील प्राणच नाहीसा झाला. कॉफीगृहांचे अनेक मालक, लेखक, बुद्धिबळपटू आणि नकलाकार ज्यू होते. मालमत्ता जप्त झाल्या, जे निसटू शकले ते देशोधडीला लागले. सिंपल या तळघरातील विनोदी रंगमंचाचा लाडका नट फ्रिट्झ ग्रुनबाउम १९४१ च्या जानेवारीत डाखाऊच्या छळछावणीत मेला. दुसऱ्या महायुद्धानंतर मेजे पुन्हा मांडली गेली, पण त्यांभोवती बसणारा समाज परत आला नाही. त्यातच १९५० च्या दशकानंतर घरोघरी यंत्राने ऊब आली, दूरचित्रवाणी आली, उभ्याउभ्या एस्प्रेसो देणारी दुकाने निघाली, आणि जुनी कॉफीगृहे एकामागून एक बंद पडली.

तरीही प्रथा कारणापेक्षा दीर्घायुषी असते. ऑपेरागृहातील नृत्यसोहळा १९५६ साली पुन्हा सुरू झाला, आजही दर फाशिंगमध्ये मिठाईवाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत नाना व्यवसायांची मिळून चारशेहून अधिक नृत्ये होतात, आणि २०११ साली कॉफीगृहाची संस्कृती ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली. दिओदातोच्या सनदेपासून या नोंदीपर्यंत सरकारी कागदांचा क्रम पूर्ण झाला, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की पहिल्या कागदाने धंदा सुरू करण्याची मुभा दिली आणि शेवटच्याने त्याच्या वृद्धत्वाचा दाखला दिला. मात्र या तीनशे वर्षांचा जो निष्कर्ष निघतो, तो या दाखल्यात लिहिलेला नाही. मनुष्ये परस्परांच्या आवडीने एकत्र आली म्हणून खोल्या तापविल्या गेल्या, असे घडले नाही. प्रत्येकाला वेगळी खोली तापविता येत नव्हती, म्हणून अपरिचितांना एका छपराखाली बसावे लागले, आणि बसावे लागले म्हणून त्यांनी एकमेकांशी खेळण्याच्या, बोलण्याच्या आणि सुरात गाण्याच्या रीती शोधून काढल्या. ज्या नगरांत आज प्रत्येक घर उबदार आहे, त्यांची दरिद्री काळाकडे परत जाण्याची इच्छा असू नये. परंतु गरजेने जे फुकट दिले होते ते आता हेतुपुरस्सर, पैसे खर्चून आणि जागा राखून निर्माण करावे लागेल, एवढे त्यांच्या नगरपालिकांनी ध्यानी घ्यावे.